जोडीनं बैठका

भिशीतल्या दोघी-तिघी बरेच दिवस मागं लागल्यात, "सकाळी तुम्ही दोघं नेमका काय व्यायाम करता ते एकदा लिहून द्या." एकीच्या सासऱ्यांना डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार आहे, दुसरीच्या आईला. फोनवर सांगायला गेलं की कुकरची शिट्टी होते नाहीतर आतून कुणीतरी हाक मारतं, आणि सांगणं अर्धं राहतं. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. ह्यांचं शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायची यंत्रं, एक ड्रिल मशीन, ऑईल इंजिनचे सुटे भाग करायचे. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. हे एकाहत्तरचे आहेत. अल्झायमर्स, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, डॉक्टरांच्या भाषेत मधला टप्पा. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण ही घरातलीच आहे आणि चहा हिच्याकडंच मागायचा एवढं पक्कं. आपल्या हातानं जेवतात. सकाळी उठल्या उठल्या चप्पल शोधायला लागतात, कारण कारखाना उघडायचा असतो. वर्कशॉप मुलानं कधीचंच भाड्यानं दिलंय. तो स्वतः गोकुळ शिरगावला नोकरीला आहे.

व्यायामाचा विषय निघाला तो कमोडमुळं. स्मरणशक्तीचं काय व्हायचं ते होऊ दे, पण माणूस बसल्या जागेवरून उठेनासा झाला की घरातल्या बाईची कंबर जाते. हे बसायचे नीट, उठताना मात्र अर्धे उठून मागं आदळायचे. डॉक्टर म्हणाले, पायातली ताकद गोळीनं येत नाही, फिजिओथेरपिस्टला बोलवा. ती आली. माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी तिनं ह्यांना काही शिकवलंच नाही. सोप्यात खुर्चीवर बसून निवांत बघत राहिली, चहा प्यायली, आणि मग मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण बसा त्यांच्या समोर. तुम्ही करा, ते बघून करतील."

सगळं मर्म एवढंच आहे. बाकीचा तपशील.

"उजवा हात वर करा" हे वाक्य आपल्याला सोपं वाटतं. पण त्यात ऐकणं आलं, उजवा कुठला हे ठरवणं आलं, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यात धरून ठेवणं आलं. अल्झायमर्समध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या गोष्टी साठवणारा भाग, अगदी सुरुवातीला मार खातो. अंगात मुरलेल्या हालचाली मात्र दुसरीकडं असतात, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूत, आणि तिथं हा आजार बराच उशिरा पोचतो. म्हणून सायकल, शिवणकाम, पोळी लाटणं, टाळ वाजवणं हे टिकतं आणि सकाळी काय खाल्लं ते जातं. मी समोर बसून हात उचलला की तेही उचलतात. मी उजवा उचलला तर ते आरशासारखा डावा उचलतात. उचलू देत. वर्गातला बाईंचा आवाज इथं कामाचा नाही.

खुर्च्या प्लॅस्टिकच्या नकोत, फरशीवर सरकतात. आमच्या जुन्या सागवानी आहेत, हात असलेल्या. त्यांची खुर्ची भिंतीला टेकवून, माझी समोर, गुडघ्याला गुडघा लागणार नाही पण हात पोचतील एवढ्या अंतरावर. टीव्ही बंद म्हणजे बंद. बातम्यांतली आरडाओरड सुरू असली की त्यांना वाटतं घरातच कुणाचं तरी भांडण लागलंय. वेळ सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासाची, आणि दुसरी छोटी पाळी दुपारी साडेचारच्या सुमाराला. ही दुसरी पाळी मुद्दाम आहे. दिवेलागणीला ह्यांची चलबिचल वाढते, "घरला जाऊया" सुरू होतं, घरातच बसून. त्याच्या आधी अंग हलवून घेतलेलं असलं तर संध्याकाळ जरा हलकी जाते. रोज जातेच असं नाही.

सुरुवातीला काहीच करायचं नाही. त्यांचे हात त्यांच्या मांडीवर, माझे तळवे त्यांच्या हातांखाली. मी जरा आवाज करून श्वास सोडते, मग तेही सोडतात. नंतर पाय. टाचा वर, टाचा खाली. मग टाचा जमिनीवर ठेवून बोटं वर. ह्याला मी लेझमीचा ठेका धरते, तोंडानंच. शाळेत इतकी वर्षं पोरांकडून लेझीम बसवून घेतली, ती आता अशी उपयोगाला आली. मग तळव्याला तळवा लावून रेटारेटी. ह्यात मी कायम हरते. बोलण्यातली माणसं-गावं निसटली तरी हाताची ताकद अजून माझ्या दुप्पट आहे.

मग पंचा. दोन टोकं दोघांनी धरायची. त्यांनी ओढलं की मी पुढं वाकायचं, मी ओढलं की ते पुढं वाकतात. हा खेळ वाटतो, पण खुर्चीतून उठायची ही अर्धी तयारी असते. पुढं वाकायची भीती इथंच मोडते.

एकदा पंचा बाजूला ठेवून मी खांद्यासाठी म्हणून नुसतेच हात गोल फिरवत होते. हे बघत राहिले, कपाळावर आठी. मग माझं मनगट धरलं. "एवढ्या जोरात न्हाई. टूल तुटंल." आणि स्वतः डाव्या हातानं हवेतलं सॅडलचं, म्हणजे टूल सरकवायचं चाक धरलं. बोटं मुठीवर बसावीत तशी बसलेली, अंगठा बाहेर, आणि चाक असं सावकाश फिरवलं की माझ्या डोळ्यांपुढं टूल जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, टेकायला निघालेलं दिसलं. दोनेक फेरे झाल्यावर थांबले. उजव्या हातानं स्विच बंद केला. जॉब धरून फिरणारा चक थांबेपर्यंत वाट बघितली, खरोखर वाट बघितली, आणि मग तर्जनी नसलेल्या जॉबवरून अलगद फिरवली, फिनिशिंग कसं आलंय बघायला. मान हलवली. पसंत पडलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या व्यायामात लेथ आलं. डाव्या हातानं मोठं चाक, उजव्या हातानं लहान हँडल, मग वाकून खालचा जॉब उचलायचा आणि वर ठेवायचा. खांदा, कोपर, मनगट, कंबर, सगळं होतं. आणि मुख्य म्हणजे त्या पंधरा मिनिटांत मी शिकाऊ पोरगी असते आणि ते मिस्त्री. दिवसभर त्यांना "असं नाही, तसं" ऐकून घ्यावं लागतं. ह्या वेळेला ते मला सांगतात.

तुमच्या घरी लेथ नसणार. पण प्रत्येकाच्या अंगात काहीतरी मुरलेलं असतंच. जिच्या आईला आहे तिनं जातं आठवून बघावं. दोघी समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात, कंबरेतून पुढं-मागं. जातं नसलं तरी चालतं, एखादी लहान काठी उभी धरली तरी हातांना कळतं. नाहीतर फुगडी. हात अडकवायचे आणि बसल्या बसल्या मागं रेलायचं, पुन्हा पुढं यायचं. उभ्यानं आणि गरागरा अजिबात नको! पंचमीच्या फुगड्यांचे किस्से सांगत सांगत केलं तर आणखी बरं. जिच्या सासऱ्यांना आहे तिनं नवऱ्याला समोर बसवावं, सगळं सुनेनंच कशाला? सासऱ्यांची शेती होती ना, मग दोर ओढणं आहे, मोट आहे, भारा उचलणं आहे.

आता उठण्याबद्दल, कारण तेच सगळ्यांत महत्त्वाचं. तालमींच्या गावात बैठका कशाला म्हणतात ते सांगायला नको. हे काही पैलवान नव्हते, पण पेठेतल्या इतर पोरांसारखे तालमीत जाऊन लाल मातीत लोळून आलेले. त्यामुळं "चला, बैठका मारू" म्हटलं की अंगात जरा वारं येतं. आमची बैठक म्हणजे खुर्चीतून उठणं आणि परत बसणं. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं घ्यायची. मग पुढं वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. आणि मग उठायचं. गुरुत्वमध्य पावलांच्या वर आल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही, हे मी फळ्यावर खडूनं काढून दाखवायचे. ह्यांची पाठ ताठ राहायची आणि ते थेट वर जायला बघायचे, म्हणून मागं आदळायचे.

बगलेत हात घालून ओढायचं नाही. त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर. हात धरून खेचायचंही नाही, कारण आपण खेचलं की माणूस घाबरून मागं जोर लावतो. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा. मी समोरून त्यांच्याबरोबर वाकते, त्यांच्याबरोबर उठते. फार तर तळवा पाठीवर, खांद्याच्या पात्याजवळ. शब्द दोनच, "वाका... उठा". मध्ये थांबायचं. आपल्याला वाटतं ऐकलं नाही, म्हणून आपण पुन्हा सांगतो, आणि त्यांच्या डोक्यात चाललेलं पहिलं काम मोडतं. मनात दहा म्हणेपर्यंत गप्प बसले तर बहुतेक वेळा उठतात. आकडे मी मोठ्यानं मोजते. चार म्हणून थांबलं की पाच ते म्हणतात. पाच झाल्या की दम खायचा, परत पाच. उभं राहिल्यावर लगेच चालायला लागायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं बीपी उठताना कधीकधी एकदम उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. जरा थांबून मग पाऊल.

उभ्याचे व्यायाम ओट्याजवळ. एक हात ओट्यावर, दुसरा माझ्या हातात. वजन ह्या पायावर, त्या पायावर. बाजूला एक पाऊल, परत. आणि मग दोघांनी एकमेकांचे कोपर धरून हलकं झुलायचं. हे लिहितानाही जरा लाज वाटते. सासूबाईंच्या देखत आम्ही एका कॉटवर शेजारी बसत नव्हतो. आता सून भाजी चिरतेय आणि आम्ही ओट्यापाशी हातात हात घालून झुलतोय. पहिल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी खिडकीतून बघितलं. "काय ओ बाई, डान्स क्लास लावलासा काय?" ह्यांनी तिकडं वळून मान डोलावली आणि झुलत राहिले. लाज मला होती, त्यांची केव्हाच गेलेली. ह्या आजारानं घरातलं बरंच नेलं, ती एक गोष्ट नेली त्याचं मला वाईट वाटत नाही.

ह्यानं आठवण परत येते का, असं सगळे विचारतात. नाही येत. हे स्पष्ट लिहिलेलं बरं, कारण फोनवर "अमुक व्यायामानं डिमेन्शिया बरा" असले व्हिडिओ रोज येतात. इंग्लंडमध्ये 494 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, 2018 साली प्रसिद्ध झाला. जिममध्ये नेऊन चांगला दमदार व्यायाम करून घेतला. अंगाची ताकद वाढली, पण विसरण्याचा वेग काही कमी झाला नाही. मग करायचा कशाला? त्याचं उत्तर फिनलंडमधल्या 2013 सालच्या अभ्यासात आहे. तिथं 210 अल्झायमर्सचे रुग्ण होते, सगळे जोडीदाराबरोबर घरात राहणारे. ज्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा घरी येऊन तास-तासभर व्यायाम दिला, त्यांचं रोजचं हिंडणं-फिरणं, कपडे घालणं, आंघोळ हे इतरांपेक्षा सावकाश ढासळलं, आणि पडण्याचं प्रमाणही कमी राहिलं. ढासळलं तेही, पण सावकाश. मला तेवढं पुरेसं आहे. नाव विसरलेला माणूस घरात सांभाळता येतो. मांडीचं हाड मोडलेला आणि नाव विसरलेला माणूस सांभाळताना घर मोडतं.

जोडीनं करायची कल्पना काही आमच्या फिजिओची एकटीची नाही. अमेरिकेत 2003 साली 153 रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी घरची माणसं घेऊन अभ्यास झाला होता. त्यात घरच्यांनाच व्यायाम शिकवले आणि चिडचिड-भटकणं कसं हाताळायचं तेही शिकवलं. रुग्णांचं शरीर सुधारलंच, उदासपणाही कमी झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी पुढं 'प्लिए' नावाचा कार्यक्रम बसवला. योग, ताई ची, नृत्य, फिजिओथेरपी ह्यांतलं थोडं थोडं घेऊन, बसणं-उठणं असल्या रोजच्या हालचालींवर भर देऊन. त्याचंच पुढं जोडीनं करायचं रूप निघालं, रुग्ण आणि त्याचं माणूस दोघांसाठी. आपल्याकडं 2023 साली आलेल्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्या 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसू शकणारी माणसंही तेवढी तरी असतीलच. त्यांतले किती जण बसतात देव जाणे. "म्हातारचळ लागलाय" म्हणून कोपऱ्यात कॉट टाकून देणं सोपं पडतं.

ते रोज करतात का? छे. कधी "नको" म्हणतात. नको म्हणजे नको, ओढाताण करत नाही. वीस मिनिटांनी परत जाऊन खुर्चीत बसते, नवीनच काहीतरी सुरू होतंय अशा थाटात. नकार विसरलेले असतात. ह्या आजारानं दिलेली ही एवढी एकच सवलत, ती मी बिनधास्त वापरते. कधी मध्येच उठून निघतात, कारखान्याकडं. मग "जाऊया की, आधी हात मोकळे करूया" म्हणते. एखाद्या दिवशी हात झटकतात, शिवी देतात. त्या दिवशी सोडून द्यायचं. पण रोज करणारा माणूस दोन-तीन दिवसांत एकदम ढेपाळला, जास्तच गोंधळला, तर आजार वाढला असं समजून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या जंतुसंसर्गानंसुद्धा असं होतं. आणि सुरू करायच्या आधी बीपी, साखर, हृदय, गुडघे हे सगळं एकदा दाखवून घ्या. विसरण्यावरच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, चक्कर येते, तेही विचारा. छातीत दुखलं, दम लागला की थांबायचं.

दोन गोष्टी घरातल्या. दारातलं गडद चॉकलेटी पायपुसणं मी काढून टाकलं. फिकट फरशीवरचा तो काळा चौकोन त्यांना खड्डा दिसायचा, आणि ते पाय उंच उचलून ओलांडायला जायचे. ह्या आजारात डोळे चांगले असले तरी मेंदू खोलीचा अंदाज चुकवतो. दुसरी गोष्ट चप्पल. ह्यांची कोल्हापुरी, करकर वाजणारी, तेल पाजून जपलेली. गावाचा अभिमान आपल्या जागी, पण चामड्याचा तळ गुळगुळीत टाइल्सवर घसरतो आणि मागं टाच धरायला काही नसतं. व्यायाम अनवाणी, आणि बाहेर जाताना मागं पट्टा असलेली सँडल. कोल्हापुरी कपाटात ठेवली तर दिवसभर शोधतात, म्हणून ती दारातच ठेवते, नजरेसमोर.

रविवारी सकाळी मुलगा आम्हाला रंकाळ्यावर सोडतो. संध्याकाळी चौपाटीला भेळवाल्यांची गर्दी आणि पोरांच्या गाड्या, तिथं ह्यांचा जीव घाबरा होतो. सकाळी पदपथावर चालणारे असतात, पण ज्याचा त्याचा रस्ता सरळ. आम्ही एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जातो, बसतो, उठतो. बाकावरून उठणं म्हणजे परत बैठकच, फक्त हाताला आधार नसलेली. ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "ओळखलं काय मला?" हे विचारू नका हो कुणी. सरळ आपलं नाव सांगा आणि गप्पा मारा. हे हसून "व्हय व्हय" म्हणतात आणि नंतर मला दबक्या आवाजात विचारतात, कोण होता गं तो.

माझं म्हणाल तर माझे गुडघे कुरकुरतात, वयच आहे. पण त्यांच्याबरोबर बैठका मारून जिना आता रेलिंग न धरता चढते. पूर्वी चालायला जायला म्हणून वेळ काढायचे, तेव्हा जीव घरात अडकलेला असायचा. आता माझा व्यायाम आणि त्यांचा व्यायाम एकच, त्यामुळं तो चुकत नाही. ज्यांच्या घरी माणूस बिछान्यालाच खिळलंय, त्यांनी झोपल्या जागी हात-पाय हलवण्यापासून सुरू करावं, पण ते फिजिओच्या हाताखाली. बोलायला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची 14567 ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

फिजिओनं आता हातांसाठी रबरी पट्टी आणायला सांगितलीय. मुलानं दुकानातली न आणता सायकलची जुनी ट्यूब उभी कापून पट्टी केली. ह्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि कडेवरून अंगठा फिरवला. "कुणी कापली ही?" मुलगा म्हणाला, मी. "वाकडी हाय. कात्री आण." मी बोथट कात्री दिली, शेजारी बसून राहिले. एक कड सरळ केली, मग दुसरी जास्त वाटली म्हणून ती, मग टोकं. पट्टी आता इतकी अरुंद आणि आखूड झालीय की ती दोघांच्या हातांना पुरतच नाही. मुलगा उद्या कामावरून येताना दुसरी ट्यूब आणणार आहे. कापायला ह्यांनाच देणार म्हणतो, मात्र फूटपट्टीनं आखून.